ही तुमच्या ओळखीची असू शकते

शालन देशमाने यांच्या शिवणक्लासात बार्शीतल्या निदान तीनशे मुली मशीन चालवायला शिकल्या. अठ्ठावन्नाव्या वर्षी, एका बाहीला कच्चे टाके घालताना, त्यांचा डावा हात कापडावर पडला तो उचलेचना. मेंदूत रक्ताची गुठळी झाली होती. जीव वाचला. चार महिन्यांत काठी धरून चालता येऊ लागलं, पण डाव्या हाताची बोटं मिटलेलीच राहिली. तेव्हा शेजारणीनं त्यांना अस्मिता बुरगुटेच्या फिजिओथेरपी केंद्रात नेलं.

अस्मिता तिशीतली, बोलायला मऊ आणि व्यायामाला कडक. केंद्रात एका ट्रस्टनं दिलेले चार हेडसेट होते. पेशंट त्यांना गॉगल म्हणत. डोळ्यांवर चढवला की समोरची भिंत, पंखा, टेबल सगळं नाहीसं व्हायचं आणि माणूस एखाद्या पेरूच्या बागेत उभा असायचा.

"मावशी, तुमचा हात मेलेला नाही," अस्मितानं पहिल्याच दिवशी समजावलं होतं. "मेंदूतून हाताकडे जाणारी वाट बुजलीय. गॉगलमध्ये तुम्हाला तुमचा डावा हात पेरू तोडताना दिसेल. मेंदूला ते खरं वाटतं. रोज खरं वाटलं की तो हळूहळू दुसरी वाट पाडतो."

मेंदूला खरं वाटावं म्हणून त्या यंत्राला माणसाची बारीक मोजमापं घ्यावी लागत. डोकं कुठे वळलं, खांदा किती उचलला, बोट किती थरथरलं, हे गॉगल सेकंदाला नव्वद वेळा टिपत असे. नजर कुठे थांबली, थांबल्यावर डोळ्याची बाहुली किती रुंदावली, हेही. शालनताईंना त्यात वावगं वाटलं नाही. अंगाचं माप घेतल्याशिवाय कपडा बसत नाही, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

त्यांची एकुलती मुलगी केतकी लातूरला दिली होती. जावई विक्रांत औषधांचा वितरक. गावात मान असलेला, सासूच्या पाया पडल्याशिवाय खुर्चीवर न बसणारा. फोन कुणाचा होता हे केतकीनं लगेच सांगितलं नाही, म्हणून याच माणसानं एका दुपारी तिचा हात दाराच्या फटीत धरून दार लावून घेतलं होतं. पाच वर्षांची जुई तिथेच उभी होती. त्याआधी केतकी दोनदा माहेरी आली होती. दोन्ही वेळा विक्रांत काही तासांत मागोमाग आला, नीट बोलला, हात जोडले, आणि दोन्ही वेळा शालनताईंनीच मुलीची समजूत घालून तिला परत पाठवलं.

तिसऱ्या वेळी केतकी माहेरी आली नाही. जुईला घेऊन ती परजिल्ह्यातल्या एका महिला मदत केंद्रात गेली. पोलिसांत तक्रार झाली, कोर्टाच्या तारखा पडू लागल्या, आणि विक्रांत बायकोला शोधू लागला. त्याच्या ओळखी दूरवर होत्या, त्यामुळे फोन करायची सोय नव्हती. मदत केंद्रात अस्मिताची थोरली बहीण काम करत होती. मायलेकींची भेट घालायची युक्ती तिनंच काढली.

गॉगलमध्ये तेव्हा 'पाहुणा' म्हणून शिरता येत असे. नाव नाही, फोटो नाही, नंबर नाही. दोन्ही बाजूंनी एकच सहा आकडी संकेत टाकला की दोन माणसं एकाच बागेत उभी राहत. पाहुण्यांना चेहरा नसे. मातीच्या रंगाची, गुळगुळीत डोक्याची आकृती, एवढंच.

पहिल्या गुरुवारी अकरा वाजता शालनताई त्या बागेत उभ्या राहिल्या तेव्हा समोर तशीच एक आकृती होती. ती काही बोलली नाही. नुसती मान जराशी डावीकडे कलली, खांद्याला काही सांगावं तशी.

"केतू," शालनताई म्हणाल्या.

"आई, मी अजून बोलले पण नव्हते."

"लहानपणापासून बोलायच्या आधी मान कलते तुझी. मला तोंड कशाला बघायला हवं?"

अस्मिता केंद्राच्या दुसऱ्या टोकाला जाऊन फाइली लावत राहिली.

आठ महिने दर गुरुवारी असं चाललं. केतकी एका औद्योगिक गावातल्या प्रशिक्षण संस्थेत क्रेन चालवायला शिकत होती. क्रेनचे पहिले धडे गॉगलमध्येच देत, म्हणून तिला तो मिळायचा. गावाचं नाव तिनं सांगितलं नाही, आईनं विचारलं नाही. कधी ती गॉगल जुईच्या डोक्यावर चढवायची, आणि मातीच्या रंगाची एक बुटकी आकृती शालनताईंभोवती उड्या मारत फिरायची. आजी, पेरू तोड. आजी, वरचा तोड. वरचा पेरू डाव्या बाजूला असे. शालनताईंचा हात खांद्याच्या वर पहिल्यांदा गेला तो जुईच्या हट्टापायी.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात गॉगल चढवल्याबरोबर बाग दिसण्याऐवजी एक पाटी दिसली. एक एप्रिलपासून प्रत्येक वापरकर्त्याला 'आप्त'चं खातं जोडावं लागेल. पाहुणा म्हणून प्रवेश बंद होईल.

'आप्त' हे गॉगल बनवणाऱ्या कंपनीचंच समाजमाध्यम. लोक त्यावर लग्नाचे फोटो टाकत, एकमेकांना वाढदिवसाच्या शुभेच्छा देत.

"मॅडम, मला तर त्यातलं काही येत नाही," शालनताई म्हणाल्या. "खातं नाही काढलं तर?"

"तर गॉगल उघडणारच नाही. मी पत्र लिहिलं, ट्रस्टनंही लिहिलं. पेशंटना तरी सूट द्या म्हणालो. उत्तर आलं, सर्वांच्या सुरक्षेसाठी हा नियम आहे." अस्मिता त्यांच्याशेजारी स्टुलावर बसली. "मावशी, तुमच्या हातासाठी मी दुसरे व्यायाम देईन. सावकाश होईल, पण होईल. गुरुवारचं काय करायचं ते मात्र तुम्ही दोघींनी ठरवा."

त्या गुरुवारी केतकीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आमच्याकडेही तेच आलंय. सर म्हणाले, खातं काढायचं नसेल तर नुसत्या पुस्तकावर शीक, पण मग सर्टिफिकेटला सहा महिने जास्त लागतील. मी थांबते, आई. थोडे दिवस भेट नको."

"थोडे म्हणजे किती?"

"कोर्टाचं होईपर्यंत."

कोर्टाचं कधी होईल हे दोघींनाही ठाऊक नव्हतं. शालनताईंनी समोर बघितलं. केतकीनं गॉगल जुईला दिला होता. बुटकी आकृती नुसतीच उभी होती. तिला काहीतरी कळलं असावं.

"आजी, तू येणार नाहीस?"

त्या क्षणी शालनताई जे बोलल्या, ते पुढे त्यांनी मनात हजारदा परत घ्यायचा प्रयत्न केला.

"येणार की. आईला दे बरं गॉगल." आणि केतकी आल्यावर म्हणाल्या, "अगं, खातं काढायचं ना, मग काढ. नाव दुसरं घाल. तो तुझ्या नावानं शोधतोय, तुझ्या फोटोनं शोधतोय. नावच नाही म्हटल्यावर कोण ओळखणार? मीही दुसऱ्या नावानं काढते. मला एवढं एकच आहे, केतू, आठवड्यातून एकदा."

केतकीची मान कलली, पण बोलायला तिला वेळ लागला. "बरं," ती शेवटी म्हणाली.

केतकी 'नंदा' झाली, शालनताई 'पार्वती' झाल्या. नवीन सिम कार्डं अस्मितानं मिळवून दिली. खातं उघडताना गॉगलनं विचारलं, तुमच्या हालचालींची माहिती सेवा सुधारण्यासाठी वापरू का? 'नाही' म्हटल्यावर गॉगल पुढे जात नव्हता. शालनताईंनी नजर 'मान्य'वर नेली आणि दोनदा पापणी मिटली.

खात्यासोबत एक गोष्ट आली, तिची त्यांना कल्पना नव्हती. गॉगलच्या आतले कॅमेरे आता माणसाचा चेहरा वाचून आकृतीला देत होते. एप्रिलच्या पहिल्या गुरुवारी अकरा वाजता बागेत मातीची आकृती नव्हती. केतकी होती. हनुवटीवरचा तीळ, बारीक झालेले गाल, डोळ्यांखाली काळं. सव्वा वर्षानं शालनताईंनी मुलीचं तोंड पाहिलं.

"किती वाळलीस," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा डावा हात आपोआप उचलला गेला. बोटं उघडली. ती केतकीच्या गालाला लागली तेव्हा हाताला काहीच लागलं नाही, तरी शालनताईंनी हात तसाच धरून ठेवला. अस्मितानं शेजारच्या पडद्यावर आकडे बघितले. झटका आल्यापासूनच्या बावीस महिन्यांत तो हात एवढा उघडला नव्हता.

असे तीन गुरुवार मिळाले.

चौथ्या आठवड्यात, मंगळवारी दुपारी, विक्रांत आला. बरोबर धारवाडी पेढे. वाकून पाया पडला, पंखा कमी करू का विचारलं, मग खुर्ची ओढून जवळ बसला.

"आई, तुम्हाला एक चांगली बातमी द्यायची होती." त्यानं फोन पुढे केला. "हे बघा."

'आप्त'वर केतकीचा चेहरा होता. खाली लिहिलं होतं, ही तुमच्या ओळखीची असू शकते. त्याखाली नंदा हे नाव, संस्थेचं नाव, गावाचं नाव.

शालनताईंना आधी काही समजेना. नाव तर बदललं होतं.

"लग्नानंतर मी घरी एक हेडसेट आणला होता," विक्रांत सांगत होता, एखाद्या मुलाला गणित समजवावं तसा. "केतकी त्यावर बॅडमिंटन खेळायची. माझ्याच खात्याला जोडलेलं तिचं खातं होतं. आता कंपनीनं जुनी नवी सगळी खाती तपासली. एकेका माणसाची दोन खाती असली तर ती एकत्र करतात. नावावरून नाही हो. माणूस मान कशी वळवतो, हात किती लांब जातो, त्यावरून. दोन मिनिटांची हालचाल पुरते म्हणे, लाख माणसांतून एक काढायला. आपल्याला वाटतं आपण नुसती मान हलवली. पण ती सहीच असते." तो हसला. "मी काही केलं नाही, आई. मला तर नोटीस आली. केतकी परत आली आहे, तिचं स्वागत करा."

शालनताईंना आता उमगलं. तिला आपण ज्या खुणेनं ओळखलं, त्याच खुणेनं यंत्रानंही ओळखलं होतं. फरक एवढाच, की आपण ते कुणाला सांगितलं नव्हतं.

"उद्या सकाळी निघतो मी," विक्रांत म्हणाला. "तुम्ही पण चला. तुमचं ती ऐकते."

"माझ्यानं एवढा प्रवास व्हायचा नाही."

"बघा. मी साडेसहाला गाडी घेऊन येतो."

त्याची गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत शालनताई दारात उभ्या राहिल्या. मग काठीही न घेता केंद्राकडे निघाल्या. दहा मिनिटांची वाट, त्यांना पाऊण तास लागला. अस्मितानं त्यांचा चेहरा बघितला आणि समोरच्या पेशंटला तसंच सोडून बाहेर आली.

"गावाचं नाव कळलं त्याला," शालनताई म्हणाल्या. "बहिणीला फोन करा. आत्ता."

अस्मिता फोनवर बोलत असताना त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. गॉगल समोरच्या कपाटात होता. शेवटचं एकदा बघावं, चार शब्द बोलावेत, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. त्यांनी कपाटाकडे पाठ केली.

संध्याकाळी निरोप आला. केतकीनं संस्थेतली पेटीसुद्धा उघडली नाही. जुईला शाळेतून घेतलं आणि अंगावरच्या कपड्यांनिशी दोघी गेल्या. सर्टिफिकेटला अकरा दिवस उरले होते. दोघी सुखरूप आहेत. आता बरेच दिवस काही कळवता येणार नाही.

सकाळी साडेसहाला गाडी आली तेव्हा शालनताईंनी दार उघडलं नाही.

खातं बंद करायला म्हणून त्या आणि अस्मिता आठवडाभर कंपनीच्या ग्राहक सेवेशी फोनवर बोलत होत्या. पलीकडची मुलगी गोड बोलायची.

"तुमचं नाव, नंबर, फोटो सगळं नव्वद दिवसांत पुसलं जाईल, मॅडम."

"आणि मान?" शालनताईंनी विचारलं.

"काय म्हणालात?"

"माझ्या मुलीची मान. ती कशी वळते ते तुमच्याकडे आहे ना? ते पुसा."

थोडा वेळ फोनवर नुसतं वाद्य वाजत राहिलं. मग ती मुलगी म्हणाली, "हालचालींचा नमुना ही वैयक्तिक माहिती धरली जात नाही, मॅडम. त्यात नाव नसतं."

शालनताईंनी गॉगल पुन्हा चढवला नाही. अस्मितानं रबराचा चेंडू दिला, दोऱ्या दिल्या, आरशासमोर बसवलं. पण हात ज्यासाठी उचलत होता ते समोर नव्हतं. दिवाळीपर्यंत बोटं पुन्हा मिटली.

विक्रांत येत राहिला. महिन्यातून एकदा तरी. आवाज कधी चढवला नाही. औषधं आणून द्यायचा, गॅसचा नंबर लावून द्यायचा. शेजारणी म्हणायच्या, मुलगी अशी निघाली, पण जावई हिऱ्यासारखा आहे. शालनताई ऐकून घेत.

एका रविवारी त्यानं टेबलावर एक टॅब उभा केला. पडद्यावर नकाशा होता, गावांच्या नावांनी भरलेला.

"आई, काही बोलू नका. फक्त याच्याकडे बघा."

"कशाला?"

"नवीन आलंय. हेडसेटमध्ये नजर मोजायचे ना, तेच आता साध्या कॅमेऱ्यावर होतं. ओळखीच्या नावावर माणसाची नजर अर्धा क्षण जास्त थांबते, बाहुली मोठी होते. माणसाला स्वतःलाही कळत नाही." त्यानं टॅब जरा सरळ केला. "तुम्ही मला खोटं सांगितलंत असं मी म्हणत नाही. पण तुम्हाला माहीत असणारच. आईला माहीत नाही असं कसं होईल?"

शालनताईंनी डोळे मिटले नाहीत. उठून गेल्या असत्या तर त्याला वाटलं असतं, हिला ठाऊक आहे. त्या नकाशाकडे बघत राहिल्या. नांदेड, जालना, हुबळी, सुरत, गुलबर्गा, अकोला. प्रत्येक नावावर त्यांना वाटायचं, इथं असतील का? इथं जुई शाळेत जात असेल का? कोणतं नाव आपलं, हे त्यांना खरोखरच ठाऊक नव्हतं. त्यामुळे सगळीच नावं आपली वाटत होती. तीन वेळा नकाशा बदलला. शेवटी विक्रांतनं पडद्याकडे बघून ओठ आवळले आणि टॅब बंद केला.

"काही नाही," तो म्हणाला. "सगळीकडे सारखंच येतंय."

"मी सांगितलं होतं तुम्हाला."

"पुढच्या महिन्यात परत बघू," तो म्हणाला, आणि वाकून पाया पडून गेला.

त्यानंतर पंधरा दिवसांनी, ऐन दुपारी, अस्मिता घरी आली. एरवी ती कधी घरी येत नसे. आत येऊन तिनं आपला फोन बंद केला, शालनताईंचाही बंद केला, आणि दोन्ही फोन बाहेर ओट्यावर ठेवून दार लावलं.

"मावशी, ताईचा निरोप आहे. दोघी बऱ्या आहेत. केतकीताईंना काम मिळालंय. जुई शाळेत जाते, तिथली भाषा बोलायला लागलीय."

शालनताई पलंगाच्या कडेवर बसल्या. उजव्या हातानं त्यांनी पलंगाची पट्टी धरली. "जेवतात नीट?"

"जेवतात."

"तिचा हात दुखतो का थंडीत? बोटं मोडली होती ना."

"ते विचारलं नाही मी. विचारते." अस्मिता जवळ सरकली, आवाज खाली आणला. "केतकीताईंनी मुद्दाम सांगायला सांगितलंय. गावाचं नाव. लिहून नाही, तोंडी. त्या म्हणाल्या, आईला एवढं तरी कळू दे. नुसतं कुठल्या दिशेला बघायचं एवढं."

बाहेर कुणीतरी भांडी घासत होतं. नऊ महिने शालनताई ज्याची वाट बघत होत्या ते तिथं, हाताच्या अंतरावर, अस्मिताच्या ओठांवर होतं. एक शब्द. तो कळला की रात्री झोपताना कुठेतरी मन ठेवता आलं असतं. तिथं आज ऊन आहे की पाऊस, पेपरात बघता आलं असतं.

"नको," त्या म्हणाल्या.

"मावशी, मी शपथेवर सांगते, कुणाला..."

"तुमच्यावर अविश्वास नाही हो. माझ्यावर आहे. तोंड बंद ठेवता येतं मला. पण ते डोळ्यांत असणार. तो पुढच्या महिन्यात येईल, नकाशा लावेल, आणि माझे डोळे त्या नावावर थांबतील. मी कितीही नको म्हटलं तरी थांबतील. लेकीचं गाव आहे, कसे नाही थांबणार?"

"मग त्यांना काय सांगू? आई विचारत नाही म्हटलं तर त्यांना वाटेल, तुम्ही अजून जावयाच्याच बाजूला..."

"वाटू दे. माझ्यावर रागावलेली चालेल मला."

अस्मिताच्या डोळ्यांत पाणी आलं. ती उठली, दारापर्यंत गेली आणि कडीवर हात ठेवून थांबली. तिला राहवलं नाही. मागे वळून म्हणाली, "एवढंच सांगते, मावशी, नाव नाही सांगत, पण तिथून जवळच..."

शालनताईंनी उजवा हात उचलून उजव्या कानावर घट्ट दाबला. डावा हात मांडीवर पडून होता. तो उचलायला त्यांनी खांद्यापासून जोर लावला, मान वाकवून डावा कान खांद्याशी नेला, तरी कान उघडाच राहिला. मग त्या मोठ्यानं बोलायला लागल्या. ब्लाउजची मापं. छाती चौतीस, बाही सहा, पाठ साडेतेरा, मुंडा सात. एकामागून एक, श्वास न घेता, आवाज चढवत.

अस्मिताचं वाक्य अर्ध्यातच राहिलं. तिनं दार हळूच उघडलं, ओट्यावरचा आपला फोन उचलला आणि गेली. ती गल्लीच्या टोकाला पोचली असेल, तरी शालनताई तशाच बसून होत्या, एक कान झाकून, मापं म्हणत.